प्रस्तावना : आधी जमीन, मग टायर, शेवटी उंची

देवळ्याहून गाडी काढून कोणत्याही दिशेला तास-दीड तास गेले, तरी चाकाखालची जमीन चार-पाच वेळा बदलते. लोहोणेरकडे गिरणेचे पात्र लागते; तिथे वाळू, गोटे आणि काठाला गाळ. पात्रातून वर आले की कांद्याचे काळे शिवार. सोग्रस फाट्याच्या बाजूने भावडबारीचा घाट चढू लागले की माती पातळ होते, मुरूम सुरू होतो आणि जागोजाग काळा पाषाण उघडा पडलेला दिसतो. सटाणा ओलांडून साल्हेर-मुल्हेर किल्ल्यांच्या पायथ्याकडे निघाले की सेलबारी-डोलबारीच्या रांगेतले ओढे आणि दगडधोंड्यांच्या वाटा. कळवण मागे टाकून सुरगाण्याकडे वळले की पाऊस वाढतो, झाडी दाटते आणि वाट निसरडी होते.

फोर बाय फोर गाडीला कोणता टायर घालावा आणि ती किती उचलावी, या प्रश्नाला म्हणूनच एका नावात किंवा एका आकड्यात उत्तर नाही. या पुस्तकाचे म्हणणे मात्र थोडक्यात सांगता येते. आधी आपली जमीन ओळखावी, मग टायर निवडावा, मग त्या टायरमधली हवा सांभाळायला शिकावे. आणि एवढे करूनही गाडी अडत असेल, तरच तिची उंची वाढवावी. बाजारात हा क्रम बहुतेक वेळा उलटा चालतो. गाडी घेतल्या घेतल्या ती उचलली जाते, उचललेल्या गाडीला शोभेल असा रुंद टायर बसतो, आणि ती कोणत्या जमिनीवर चालणार हा विचार पहिल्यांदा रुतल्यावर होतो. पैसा जातो, गाडी बिघडते आणि कधी कधी माणसे जखमी होतात. तो क्रम सरळ करणे हे या लेखनामागचे कारण आहे.

देवळा तालुक्यात डांबर सोडून गाडी घालणे ही बहुतेकांची रोजची गरज आहे. लाल कांदा निघतो तेव्हा परतीचा पाऊस अजून शिवारात असतो. वावरातून पाणंदीवर, पाणंदीवरून डांबरीवर आणि तिथून उमराण्याच्या किंवा लासलगावच्या बाजार समितीत माल वेळेवर पोचावा लागतो. एक दिवस हुकला तर भाव तोच राहील याची खात्री नसते. या सगळ्या प्रवासातला अवघड भाग पहिल्या अर्ध्या किलोमीटरचा. तिथे पिकअप बसली की ट्रॅक्टर मिळेपर्यंत दिवस जातो. तारा जोडायला निघालेला वायरमन, हद्द फिरणारा वनरक्षक, पाड्यावर लसीकरणाला जाणारे आरोग्य पथक, सगळ्यांचे काम अशाच वाटांवर अडते. त्यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत डोंगरवाटांची आवड असलेली तरुण मंडळी आली आहेत. गरजेने जाणारा आणि आवडीने जाणारा, दोघांच्या चाकाखालची माती एकच असते. म्हणून पुस्तकही दोघांसाठी एकच आहे.

चाकाचा व्यास किती आणि रुंदी किती, हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. आपल्याकडची लाकडी बैलगाडी मोठ्या व्यासाच्या चाकांवर चाले. मोठे चाक खड्डा आणि दगड सहज ओलांडी, पण त्याची लोखंडी धाव अरुंद असल्यामुळे ओल्या काळ्या रानात ते खोल कापत जाई. पुढे रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या. त्यांच्या चाकांचा व्यास लहान आणि रुंदी जास्त. ओझे जास्त जागेवर पसरले, चाक कमी रुतू लागले आणि तीच बैलजोडी जास्त माल ओढू लागली. आज टायरच्या दुकानात उंच-अरुंद की बुटका-रुंद असा जो वाद चालतो, त्याच्या दोन्ही बाजू आपल्या आज्या-पणज्यांनी वापरून पाहिलेल्या आहेत.

हवा भरलेला टायर व्यवहारात आला तो जॉन बॉइड डनलॉप यांच्या १८८८ च्या कामानंतर, आणि मिशलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल रचनेचे पेटंट घेतले. या दोन टप्प्यांच्या मधे, १९४१ मध्ये, विलीज कंपनीची लष्करी जीप आली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. तिचे टायर ६.००-१६ मापाचे, म्हणजे आजच्या मानाने फारच अरुंद. त्यांची नक्षी पुढे जाताना आणि मागे येताना सारखीच पकड देणारी होती. गाडी हलकी, टायर अरुंद, आणि खाली पाट्यांचे साधे सस्पेन्शन. एवढ्यावर त्या जीपने वाळवंटापासून जंगलापर्यंतची जमीन पालथी घातली.

आपल्याकडे ही परंपरा महिंद्रामुळे आली. १९४५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढची कित्येक वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात सरकार म्हणजे जीप, निवडणूक म्हणजे जीप आणि आजारी माणसाला तालुक्याला न्यायचे साधनही जीपच. कमांडरसारख्या गाड्या काळ्या-पिवळ्या रंगात प्रवासी वाहू लागल्या. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. हलकेपणाच्या बळावर तिने लष्करात आणि शर्यतींत जागा मिळवली. २००० मध्ये बोलेरो, २०१० मध्ये थार, २०२० मध्ये नवी थार, २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलना लॉक, म्हणजे डावे-उजवे चाक एकत्र फिरवण्याची सोय, देत आली. यातली थार आमच्या जिल्ह्यातच, नाशकात तयार होते, आणि सिएटचा टायर कारखानाही नाशकातच आहे. इतका जवळचा हा विषय. तरी त्याची नीट मांडणी मराठीत फारशी झालेली नाही.

विषयाचा पहिला भाग टायरचा. नक्षीनुसार त्याचे मुख्य प्रकार तीन. हायवे टेरेन हा डांबरासाठी. आवाज कमी, आयुष्य जास्त, ओल्या रस्त्यावर ब्रेक चांगला. मड टेरेन हा चिखल आणि खडकासाठी. ठोकळे मोठे, त्यांच्यातल्या फटी रुंद, बाजूच्या भिंती जाड. ऑल टेरेन या दोहोंच्या मधला. बीएफगुडरिच कंपनीने १९७६ मध्ये रेडियल ऑल टेरेन बाजारात आणल्यानंतर हा प्रकार जगभर रूढ झाला. अलीकडे ऑल टेरेन आणि मड टेरेन यांच्या मधे रग्ड टेरेन असा चौथा प्रकारही विकला जातो.

नक्षी पाहून टायर निवडणे सोपे वाटते, पण नक्षीचा कस लागतो तो मातीत. काळ्या मातीचेच उदाहरण जवळून पाहू. या मातीतली चिकण खनिजे पाणी शोषून फुगतात. पावसानंतर पहिल्या काही तासांत वरचा दोन-तीन बोटांचा थर लोण्यासारखा होतो आणि खालची जमीन अजून घट्ट असते. अशा वेळी ऑल टेरेन टायर चालू लागला की पहिल्या दोन-चार फेऱ्यांत त्याच्या फटी मातीने गच्च भरतात. मग बाहेरून दिसते ते मातीचे गुळगुळीत चाक. आतली नक्षी कितीही चांगली असली तरी ती जमिनीला लागतच नाही. मड टेरेनच्या रुंद फटींतून ही माती बाहेर फेकली जाते, पण त्यासाठी चाकाला थोडा वेग लागतो. पहिल्या गिअरमध्ये भीत भीत रांगणाऱ्या गाडीचा मड टेरेनही भरून जातो. आणि संततधार लागून माती खोलवर भिजली, की कोणताही टायर आणि कोणतीही उंची उपयोगाची नाही. त्या दिवशी त्या वावरात गाडी न घालणे हाच शहाणपणा.

आता याच्या उलट जागा घेऊ. भावडबारीच्या उतारावर किंवा धोडप किल्ल्याच्या पायथ्याला मातीचा थर पातळ आणि खाली बेसॉल्टचा कातळ किंवा घट्ट मुरूम. तिथे अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोचतो आणि पकड घेतो. रुंद टायर त्या चिखलावर तरंगत राहतो. गिरणेच्या वाळूत मात्र तरंगणेच हवे असते, कारण तिथे कापून जाण्याजोगा कठीण तळ हाताशी नाही. वाळूत मड टेरेनचे खोल ठोकळे उलट नुकसान करतात; ते वाळू उकरतात आणि गाडी जागच्या जागी खाली जाते. एका तालुक्याच्या अंतरात तीन जमिनी तीन वेगळ्या मागण्या करतात. परदेशातल्या कोणत्याही यादीत 'सर्वोत्तम' ठरलेला टायर या तिन्हींना एकदम पुरा पडत नाही.

टायरच्या कडेवर छापलेले आकडे वाचता आले की दुकानातली निम्मी फसवणूक टळते. २०२० च्या थारमध्ये काही मॉडेलना २४५/७५ आर १६ आणि काहींना २५५/६५ आर १८ हे टायर होते. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्केवारीत बाजूच्या भिंतीची उंची, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हिशोब केला तर पहिल्या टायरचा एकूण व्यास सुमारे ७७४ मिमी निघतो आणि दुसऱ्याचा ७८९ मिमी. अठरा इंची टायर उंच आहे खरा, पण त्याची भिंत १६६ मिमीची; सोळा इंचीची १८४ मिमीची. दगडावर रिम वाचवायला आणि हवा कमी करून चालायला उंच भिंत जास्त उपयोगी. शोरूममध्ये महागड्या मॉडेलवर दिसणारे मोठे रिम रानात दुय्यम ठरू शकते, हे या एका वजाबाकीतून कळते. त्यापुढे भार निर्देशांक येतो: १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १११ म्हणजे १०९० किलो. वेगाचे अक्षर क्यू असेल तर मर्यादा ताशी १६० किमी. आणि निर्मितीचा चार अंकी शिक्का: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसते म्हणून जुना, कडक झालेला टायर घेऊ नये, हे त्या चार अंकांवरून ठरवता येते.

टायर मोठा केला की गाडी उंच होते, पण किंमत इतर भागांना मोजावी लागते. २४५/७५ आर १६ च्या जागी २८५/७५ आर १६ घातला तर व्यास ६० मिमी वाढतो आणि जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्मी, म्हणजे ३० मिमी वाढते. त्याच वेळी स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६४-६५ ने धावत असते. प्रत्येक गिअर तेवढाच 'लांब' होतो, म्हणून चढावर इंजिन दमते, क्लच जास्त घासतो आणि जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात. तीस मिलिमीटर हवे आहेत का, हा प्रश्न या सगळ्याची बेरीज करून विचारायचा असतो.

दुसरा भाग हवेचा. ऑफ-रोडमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच आहे. एका चाकावर साडेचारशे किलो भार आणि टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर ढोबळ हिशोबाने टायर सुमारे २०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. तीच हवा १८ पीएसआय केली की ही जागा ३५० च्या वर जाते. जमिनीवरचा ठसा मुख्यतः लांबीत वाढतो, टायर दगडाला कवेत घेऊ लागतो आणि वाळूत गाडी वर राहते. पंधराच्या खाली गेले की वळणावर टायर रिमवरून निसटण्याचा धोका वाढत जातो. आणि डांबरावर परतताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे. उन्हाळ्यात आमच्याकडचा रस्ता तापलेला असतो. कमी हवेचा टायर वेगात आतून गरम होतो आणि फुटतो. म्हणून हवा सोडणाऱ्याजवळ हवेचे मीटर आणि बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर असणे ही सक्तीची गोष्ट. या दोन वस्तूंचा खर्च एका मड टेरेन टायरच्या किमतीपेक्षाही कमी असतो आणि त्यांनी गाडीच्या क्षमतेत पडणारा फरक गाडी उचलणाऱ्या लिफ्ट किटपेक्षा अनेकदा मोठा असतो.

तिसरा भाग उंचीचा. इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे, म्हणून तो प्रस्तावनेतच दूर केलेला बरा. ज्या गाडीचा अ‍ॅक्सल अखंड आहे, तिच्या पोटाखालचा सर्वांत खालचा भाग म्हणजे डिफरन्शियलचा गोळा. तो दोन चाकांच्या मधे, चाकांवरच टेकलेला असतो. स्प्रिंग कितीही उंच केल्या तरी हा गोळा एक मिलिमीटरही वर जात नाही. त्याच्या वरची चॅसी आणि बॉडी तेवढी वर जाते. गोळ्याखालची जागा वाढवण्याचा व्यवहारात मार्ग एकच, मोठा टायर. जिप्सी आणि जिम्नी पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सलच्या. थारचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आणि पुढची चाके स्वतंत्र. लिफ्टमुळे मिळते ते वेगळे: बांधावर चढताना आणि उतरताना नाक, पोट व शेपूट घासत नाही आणि मोठ्या टायरला फिरायला जागा होते. बांध-ओघळींच्या मुलखात या कोनांना मोल आहेच. मात्र आपण काय विकत घेत आहोत हे माहीत असावे.

उचलण्याच्या पद्धतीही अनेक. सर्वांत जुनी पद्धत आमच्या भागातल्या गॅरेजांना पाठ आहे: पाटे वाढवणे. कांदा भरला की पिकअप मागे बसते, म्हणून मागच्या पाट्यांत एक-दोन पाने जास्त घालतात. भरलेली गाडी सरळ राहते; रिकामी गाडी मात्र खड्ड्याखड्ड्यावर उडते, मागचे चाक जमीन सोडते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना शेपूट फिरते. याच कुळातले लांब शॅकल आणि अ‍ॅक्सलच्या वर पाटे बसवण्याची पद्धत. कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांत स्पेसर घालतात किंवा स्प्रिंगच बदलतात. स्पेसर स्वस्त, पण तो चाकाचा प्रवास वाढवत नाही. शॉकअ‍ॅब्सॉर्बर जुनाच राहिला तर चाक खाली सुटताना तो लवकर ताणला जाऊन ठोका बसतो. चांगली लिफ्ट म्हणजे स्प्रिंग, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, ब्रेकच्या नळ्या, बंप स्टॉप आणि चाकांचे कोन हे सगळे एकमेकांना जुळवून केलेले काम. स्वतंत्र चाकांच्या गाडीत दीड-दोन इंचांपुढे गेले की पुढच्या शाफ्टचे सांधे सतत तिरके चालतात आणि त्यांचे रबरी बूट फाटू लागतात. एकदा त्यात काळी माती शिरली की सांधा फार दिवस टिकत नाही.

उंचीची सर्वांत मोठी किंमत तोलाची. एखाद्या गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७५० मिमी उंचीवर आहे असे धरू. आडव्या उतारावर कागदावरच्या हिशोबाने ती ४५ अंशांना कलंडेल. गुरुत्वमध्य तीन इंच, म्हणजे सुमारे ७५ मिमी वर गेला की हाच कोन ४२ अंशांवर येतो. प्रत्यक्षात स्प्रिंग दबून गाडी आधीच झुकलेली असते, टपावर सामान असते आणि खालचे चाक ओघळीत उतरते. त्यामुळे खरा कोन याहून बराच कमी. डोंगराच्या कुशीतल्या वाटेवर हे दोन-तीन अंश गाडी उभी राहणे आणि गाडी दरीत जाणे यांतला फरक ठरू शकतात. घाटातल्या वळणावर अचानक आडवे आलेले जनावर चुकवतानाही तोल हाच प्रश्न असतो.

जगभर या विषयाचे वेगवेगळे पंथ घडले, ते त्या त्या जमिनीतून. १९४८ च्या लँड रोव्हरपासूनचा ब्रिटिश आणि लष्करी पंथ अरुंद-उंच टायर, कंपनीची उंची आणि कसलेला ड्रायव्हर यांवर भिस्त ठेवतो. ऑस्ट्रेलियाचा पंथ लांब पल्ल्याच्या सामानभरल्या प्रवासाचा. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एआरबीसारख्या कंपन्यांनी दोनेक इंचांची, भार मोजून जुळवलेली लिफ्ट आणि मजबूत ऑल टेरेन अशी घडी बसवली. अमेरिकेचा पंथ खडकांचा. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन वाटेवर १९५३ पासून जीपवाल्यांचे मेळावे भरतात आणि युटातल्या मोआबला १९६७ पासून ईस्टरची जीप सफारी होते. पस्तीस-सदतीस इंची टायर, लांब प्रवासाचे सस्पेन्शन आणि डिफरन्शियल लॉक ही त्यांची ओळख. मलेशियाचा पंथ पावसाळी जंगलातल्या चिखलाचा; तिथे १९९७ मध्ये सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज २०१४ पासून गोव्यातही भर पावसात होऊ लागली. त्या चिखलात टायरइतकेच महत्त्व गाडी ओढून काढणाऱ्या विंचला. आइसलँडचे लोक प्रचंड टायरमध्ये तीन-चार पीएसआय हवा ठेवून बर्फावर चालतात.

आपल्याकडे गाडी सजवणारे बहुतेक जण अमेरिकन पंथाची चित्रे पाहतात, चालवतात मात्र मुख्यतः डांबरावर आणि थोड्याशा चिखलात. माझ्या मते देवळा, बागलाण, कळवण या मुलखाला ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश पंथ जास्त जवळचे आहेत. आपले अंतर बरेच, भार बराच, आणि खडकांचे चढ थोडे. बहुतेक गाड्यांना कंपनीच्या मापाचा किंवा त्याच्या एक पायरी वरचा चांगला ऑल टेरेन आणि हवेचे ज्ञान पुरे होते. ज्याची वाट रोजच काळ्या चिखलातून जाते त्याने मड टेरेन जरूर घ्यावा. मात्र रस्त्यावरचा आवाज, लवकर होणारी झीज आणि पावसात लांबणारे ब्रेकचे अंतर हे समजून घ्यावे.

हे सगळे आत्ताच का सांगायचे? नवी थार आल्यापासून फोर बाय फोर गाडी तालुक्याच्या गावात, शेतकऱ्याच्या अंगणात सहज दिसू लागली. तिच्यासोबत किट विकणारे, ते बसवणारे आणि मोबाइलवर सल्ला देणारे वाढले, पण गाडीचा तोल आणि तिचे सांधे समजावून सांगणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. त्याच काळात रस्ते वेगाचे झाले. सकाळी पाणंदीत चिखल तुडवणारी गाडी दुपारी समृद्धी महामार्गावर असू शकते, आणि सकाळी सोडलेली हवा तिथे जिवावर बेतते. झिजलेल्या टायरचेही तेच. नक्षीची कायद्यातली किमान खोली, १.६ मिमी, ही तर शेवटची मर्यादा आहे. चिखलात आणि पावसात टायर त्याच्या कितीतरी आधी निकामी होतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या आणि निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले. गाडी उचलण्याआधी आरटीओचे नियम आणि विम्याच्या अटी वाचणे म्हणूनच टाळता येत नाही. न कळवलेल्या बदलावर विमा कंपनी बोट ठेवू शकते, आणि ते कळते अपघातानंतर, जेव्हा काही करता येत नाही.

कायद्याइतकीच महत्त्वाची आहे जमिनीची मर्यादा. ओल्या वावरातून गेलेले चाक माती दाबून टाकते. शेतकऱ्याला तो पट्टा नांगरून पुन्हा मोकळा करावा लागतो. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणे हा भारतीय वन कायदा, १९२७ खाली गुन्हा आहे. १५६७ मीटर उंचीचा साल्हेर किल्ला २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. त्याच्या पायथ्याच्या गावांतून जाणारी वाट तिथल्या लोकांची आहे. गाडी कुठे थांबवायची हे ज्याला कळते, त्यालाच ती पुढे नेण्याचा अधिकार आहे, असे मी मनापासून मानतो. चांगला टायर आणि योग्य हवा यांचा एक फायदा असा, की चाक जागच्या जागी फिरत नाही आणि वाट उखडत नाही. जमिनीची काळजी आणि गाडीची काळजी इथे एकत्र येतात.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे, तेही सांगतो. ते जमिनीपासून सुरू होते आणि गाडीच्या टपापर्यंत जाते. प्रत्येक टप्प्यावर हिशोब दिला आहे, म्हणजे टायरचे माप किंवा लिफ्टचा आकडा कुणी सांगितला तर वाचकाला तो स्वतः पडताळता यावा. जिथे गॅरेजमधला अनुभव आणि छापील माहिती यांत अंतर आहे, तिथे दोन्ही बाजू कारणांसह ठेवल्या आहेत. पाटे वाढवणाऱ्या मिस्त्रीचा अनुभव खोटा नसतो, तो एका विशिष्ट भाराखालचा असतो. कंपन्यांची क्रमवारी आणि किमती मुद्दाम वगळल्या, कारण त्या लवकर शिळ्या होतात आणि वाचकाचे लक्ष स्वतःच्या गरजेवरून दुसरीकडे नेतात. शर्यतीच्या गाड्यांचा विचार थोडक्यात आहे. सामान घेऊन निघणाऱ्या आणि संध्याकाळी घरी परतायचे असणाऱ्या गाडीचा विचार विस्ताराने.

पुढे वाचण्याआधी वाचकाने एक काम करावे. एक कागद घेऊन गेल्या वर्षभरात आपली गाडी कुठे कुठे गेली ते लिहावे: डांबर किती, मुरूम किती, काळी माती किती, वाळू आणि दगड किती, कोणत्या महिन्यात आणि किती वजन घेऊन. गाडी अडली असेल तर नेमकी कशामुळे अडली तेही लिहावे: पकड सुटली, पोट टेकले की चाक हवेत गेले. पकड सुटली असेल तर उत्तर टायरमध्ये आणि हवेत आहे, पोट टेकले असेल तर टायरच्या व्यासात किंवा उंचीत, आणि चाक हवेत गेले असेल तर सस्पेन्शनच्या प्रवासात किंवा डिफरन्शियलच्या लॉकमध्ये. त्या कागदावर सर्वांत जास्त किलोमीटर ज्या जमिनीचे असतील, तिच्यासाठी टायर घ्यावा. सर्वांत अवघड जमीन ज्या ओळीत असेल, तिच्यासाठी कॉम्प्रेसर, ओढायचा पट्टा आणि सोबतीला दुसरी गाडी ठेवावी. उंची वाढवायची की नाही, ते कागद सांगेल.